पडीक लहरींची मशागत

(जिल्हा बैठकीतील भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीपुढे कापसाच्या खरेदीचा विषय आहे, ज्वारीच्या भावाचा आहे, वीजबिलांचा आहे. त्या यादीत शेवटी 'पोरांसाठी बिनतारी रेडिओ' असे लिहिलेले पाहून अनेकांच्या कपाळावर आठ्या पडल्या असतील. घरात दाणा नाही आणि पोरांना खेळणी कसली, असेही कोणी मनात म्हटले असेल. शंका रास्त आहे. कोरडवाहू शेतकऱ्याने नव्या गोष्टीकडे आधी संशयानेच पाहावे. आजवर गावात जे जे नवे आले, त्याचे बिल शेवटी त्याच्याच नावावर फाटले.

म्हणून आधीच सांगून टाकतो. आम्ही विकायला काही आणलेले नाही. अनुदान मिळवून देतो म्हणत नाही. यातून पोरांना नोकऱ्या लागतील असेही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच आहे: एक विद्या आहे, ती बारा वर्षांच्या पोराला शिकता येते, ती गावाच्या अडीनडीला उपयोगी पडते, आणि ती दुकानात मिळत नाही. तिच्यासाठी गावाला पोरामागे उभे राहावे लागते.

आम्ही म्हणजे कोणी शास्त्रज्ञ नव्हे. तालुक्यातले तीन-चार कापूसवाले, एक शाळामास्तर, एक निवृत्त तारमास्तर आणि मोटारी-पंखे दुरुस्त करणारा एक कारागीर, एवढाच आमचा गोतावळा. दर शनिवारी संध्याकाळी पोरांना घेऊन बसतो. जे पाहिले, जे शिकलो, ते तुमच्यापुढे मांडतो.

बोलणारा रेडिओ

आपल्याला माहीत आहे तो ऐकण्याचा रेडिओ. आकाशवाणी बोलते, आपण ऐकतो. उलट बोलायची सोय नाही. मोबाईलवर उलट बोलता येते, पण तुमचा आवाज शेजारच्या शिवारातल्या भावापर्यंत थेट जात नाही. आधी तो कंपनीच्या टॉवरवर जातो, तिथून कंपनीच्या केंद्रात, तिथून पुन्हा टॉवरवर, आणि मग भावाच्या कानात. मधला एक दुवा तुटला की दोन बांधांमधले अंतर हजार कोसांचे होते. वादळात वीज गेली की टॉवर काही तास बॅटरीवर, नंतर डिझेल असेल तर डिझेलवर चालतो. तेही संपले की तुमच्या हातातला वीस हजारांचा फोन विजेरीपुरता उरतो.

हौशी रेडिओमध्ये, ज्याला जगभर हॅम रेडिओ म्हणतात, मधे कोणी नसते. इकडे एक यंत्र, एक एरियल, एक बॅटरी. तिकडे तसेच. मधे फक्त आकाश. यंत्र चालते बारा व्होल्टवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या बॅटरीवर. लहान पाच वॉटचे यंत्र असेल तर फवारणीच्या पंपाची बॅटरीही त्याला चालते.

लहरींचे दोन प्रकार पोरांना आम्ही आधी समजावून सांगतो. एक सरळ जाणाऱ्या. दोन मीटर लांबीची लहर ही त्यातली. ती नजरेसारखी असते, मधे टेकडी आली की अडते. हातातल्या यंत्रावरून ती पाच-सात किलोमीटर जाते. एरियल उंचावर नेले की तीस-चाळीस किलोमीटरपर्यंत पोचते. दुसऱ्या, लांब लहरी. त्या वर जातात, आकाशात शंभर ते तीनशे-चारशे किलोमीटर उंचीवर विजेने भारलेल्या हवेचे थर असतात त्यांना धडकतात आणि खाली वळतात. चाळीस मीटरची लहर ही अशी. दिवसा ती तीनशे-चारशे किलोमीटरवर आरामात बोलते, रात्री त्याच्याही पलीकडे जाते. तिच्यासाठी लागणारे एरियल म्हणजे दोन खांबांना ताणलेली साधी तांब्याची तार.

तार किती लांब? याचे गणित आठवीतल्या पोराला येते. तीनशेला फ्रिक्वेन्सीने भागायचे. फ्रिक्वेन्सी 7.1 मेगाहर्ट्झ असेल तर 300 भागिले 7.1, म्हणजे सव्वाबेचाळीस मीटर. ही पूर्ण लहर. एरियल तिच्या निम्मे, म्हणजे एकवीस मीटर, आणि तारेच्या टोकांचा परिणाम म्हणून पाच टक्के कमी करायचे. उरले वीस मीटर. मधोमध कापायची, तिथून केबल खाली आणायची. ज्या पोराला वर्गात भागाकाराचा कंटाळा येतो, तो पोरगा इथे स्वतःच्या हाताने तार मोजतो, कापतो, वर चढवतो. रात्री त्याच तारेतून हजार किलोमीटरवरचा माणूस बोलताना ऐकतो. त्यानंतर त्याला भागाकार पुन्हा शिकवावा लागत नाही.

पडीक जमीन कोणी नांगरली

या विद्येचा इतिहास कोरडवाहू शेतकऱ्याला ऐकवण्यासारखा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो.

मार्कोनीने 1901 साली अटलांटिक समुद्राच्या पलीकडे बिनतारी खूण पोचवली. त्यानंतर सरकारे, आरमारे आणि मोठ्या कंपन्या या धंद्यात उतरल्या. त्या काळच्या तज्ज्ञांचा समज होता की लहर जितकी लांब, तितका संदेश दूर जातो. तेव्हा लांब लहरी ही काळी, कसदार जमीन ठरली आणि ती मोठ्यांनी आपसात वाटून घेतली. घराच्या माडीवर हौसेने यंत्रे जोडणारी पोरे मधे मधे लुडबुड करतात, अशी तक्रार झाली. मग अमेरिकेने 1912 साली कायदा केला. हौशी लोकांनी दोनशे मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर जावे. कारण काय? त्या लहरी कामाच्या नाहीत. थोडक्यात, मुरमाड, पडीक जमीन पोरांना देऊन टाकली.

पोरांनी ती कसली. रात्र-रात्र जागून, स्वतः गुंडाळलेली वेटोळी आणि स्वतः जोडलेले दिवे घेऊन ती आखूड लहरींवर खाली खाली सरकत गेली. नोव्हेंबर 1923 मध्ये फ्रान्सचा एक हौशी आणि अमेरिकेचे दोन हौशी समुद्राच्या आरपार एकमेकांशी बोलले, आणि तेही सुमारे शंभर मीटरच्या, तज्ज्ञांनी निकामी ठरवलेल्या लहरीवर. ज्या कामासाठी कंपन्यांना अवाढव्य यंत्रे आणि उंचच उंच मनोरे लागत होते, ते काम घरातल्या यंत्राने झाले.

पुढे काय झाले ते तुम्हीच ओळखा. पडीक जमिनीतून पाणी लागले म्हटल्यावर सगळे मोठे लोक तिकडे धावले. आखूड लहरींवर सरकारे आली, कंपन्या आल्या, प्रसारण केंद्रे आली. 1927 साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत लहरींची वाटणी झाली, तेव्हा ज्यांनी जमीन कसली त्यांच्या वाट्याला काही अरुंद पट्ट्या आल्या. पण त्या पट्ट्या कागदावर त्यांच्या नावे लागल्या. त्यातलीच एक चाळीस मीटरची पट्टी आज आमच्या तालुक्यातले पोर ऐकते. हा लहरींचा सातबारा आहे, आणि त्यावर जगातल्या प्रत्येक शिकलेल्या हौशी माणसाचे नाव आहे, मग तो न्यूयॉर्कचा असो की आपल्या पांदणीवरचा. हक्क आहे, पण वहिवाट नसेल तर हक्काला अर्थ राहत नाही. आपल्या कोरडवाहू भागात वहिवाटच नाही, एवढीच आमची तक्रार आहे.

बावीस वर्षांची मुलगी

कोणी म्हणेल, हे गोऱ्या लोकांचे चोचले. तर मुंबईची गोष्ट ऐका.

दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा, 1939 साली, इंग्रज सरकारने हिंदुस्थानातल्या हौशींचे परवाने काढून घेतले आणि यंत्रे जमा करायला लावली. तीन वर्षांनी, ऑगस्ट 1942 मध्ये, 'चले जाव'ची घोषणा झाली, पुढारी तुरुंगात गेले, वर्तमानपत्रांची तोंडे बंद झाली. त्या वेळी मुंबईत काही तरुणांनी गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. त्यात उषा मेहता होत्या, वय वर्षे बावीस. यंत्र जोडायला हात कोणाचा लागला? नरिमन प्रिंटर नावाच्या माणसाचा, ज्याने ही विद्या हौशी म्हणून आधीच शिकून ठेवली होती. पोलीस मागावर, म्हणून जागा बदलत बदलत नोव्हेंबरपर्यंत हा रेडिओ चालला. मग पकडले गेले. उषाताईंनी शिक्षा भोगली.

ही गोष्ट आम्ही कायदा मोडायला शिकवण्यासाठी सांगत नाही. ते परक्या सरकारविरुद्धचे युद्ध होते. सांगायचे ते वेगळेच. वेळ आल्यावर विद्या शिकायला बसता येत नाही. आग लागल्यावर विहीर खणून भागत नाही. विद्या आधी, कोणाच्या तरी हौसेपोटी, गावात रुजलेली असावी लागते.

किल्लारी आणि त्यानंतर

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसे झोपली होती. पहाटे चारच्या आत धरणी हलली. लातूर आणि त्या वेळचा उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आपल्यासारखाच ज्वारीचा मुलूख. दगड-मातीची जड घरे माणसांवर कोसळली, हजारो माणसे गेली. मुंबई-पुण्यात, सुरतेत कामाला गेलेली पोरे वेड्यासारखी विचारत होती, आमच्या घरचे कोणी उरले का? त्या काळी गावोगाव फोन नव्हते. जे होते ते मुके झाले होते. बाहेरून आलेल्या हौशी रेडिओवाल्यांनी यंत्रे मांडून निरोप पोचवायला हात लावला.

पुढे 29 ऑक्टोबर 1999 ला ओडिशाचे महाचक्रीवादळ झाले. 26 जानेवारी 2001 ला भूजचा भूकंप झाला. दोन्हीकडे हौशी रेडिओवाले पोचले. आणि 2004 च्या डिसेंबरची गोष्ट तर ध्यानात ठेवण्यासारखी आहे. भारती प्रसाद नावाच्या बाई आपल्या सोबत्यांसह अंदमानात पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. तिथून हौशी रेडिओवर बोलायला वर्षानुवर्षे परवानगी नव्हती. ती मिळवून त्यांनी यंत्र लावले होते आणि जगभरच्या हौशींशी बोलणे चालू होते. 26 डिसेंबरच्या सकाळी समुद्र आत आला. फोन बंद पडले. भारतीबाईंनी हौसेचे बोलणे थांबवून तेच यंत्र कामाला लावले. कोण सुखरूप आहे, कोण सापडत नाही, कुठे काय हवे, हे निरोप बेटांवरून मुख्य भूमीवर जायला लागले. हौसेची सेवा झाली.

आता या सगळ्यातली एक गोष्ट आम्हाला टोचते. किल्लारीला रेडिओवाले बाहेरून यावे लागले. गावातले कोणी नव्हते. बाहेरचा माणूस चांगलाच असतो, आपण त्याचे उपकार मानतो. पण त्याला यायला वेळ लागतो, त्याला वाटा माहीत नसतात, वाडी आणि तांडा यातला फरक कळत नाही. गावातलेच एखादे पोर, ज्याला पूल कुठे वाहून जातो आणि कोणत्या घरात म्हातारी एकटी राहते हे ठाऊक आहे, ते यंत्रावर बसलेले असते तर?

आज सरकारकडे सॅटेलाइट फोन आहेत, बचाव पथके आहेत, हे खरे आहे. पण ती जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघतात. नाल्याला पूर आलेल्या गावातून पहिला निरोप बाहेर जायचा असतो, तो गावातूनच जावा लागतो.

परवाना म्हटले की

परवाना हा शब्द ऐकला की शेतकऱ्याच्या अंगावर काटा येतो. त्यात आपला दोष नाही. पण हा परवाना वाहन चालवण्याच्या परवान्यासारखा आहे. हवा सगळ्यांची आहे. एकाने शिकल्याशिवाय कळ दाबली तर दहा जणांचे बोलणे, प्रसंगी विमानाचे किंवा रुग्णवाहिकेचे बोलणे बिघडते. म्हणून परीक्षा.

ती केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याकडून होते. किमान वय बारा वर्षे. दोन भाग असतात: रेडिओचे तंत्र आणि रेडिओचे नियम. श्रेणी दोन आहेत. खालच्या श्रेणीला मोर्सची, म्हणजे तारेच्या कड-कट्टची, परीक्षा नाही. वरच्या श्रेणीला मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स यावे लागते. पास झालेल्याला स्वतःचे नाव मिळते. भारतातल्या अशा नावांची सुरुवात बहुधा व्हीयू दोन किंवा व्हीयू तीन अशी होते, पुढे त्याची अक्षरे. ते नाव जगात दुसऱ्या कोणाचे नसते. नियम आणि अर्जाची रीत बदलत असते. 1885 चा तार कायदा जाऊन 2023 चा दूरसंचार कायदा आला आहे. म्हणून अर्ज भरण्याआधी त्या दिवशीचे नियम पाहून घ्यावेत.

यातल्या मनाई नीट समजून घ्या, कारण आपली माणसे इथेच घसरतील. या रेडिओवर धंद्याचे बोलायचे नाही. आज बाजारात कापसाचा काय भाव निघाला, हे यावर विचारता येणार नाही. राजकारणाचे बोलायचे नाही. आंदोलनाचा, मोर्चाचा निरोप यावर द्यायचा नाही. त्याला आपले मोबाईल आहेत, दवंडी आहे. गुप्त भाषा वापरायची नाही, जे बोलायचे ते उघड. दुसऱ्याचे निरोप एरवी पोचवायचे नाहीत. आपत्तीत, प्रशासनाने सांगितल्यावर, ते काम करायचे. आणि बाजारात स्वस्तात मिळणारी वॉकीटॉकी परवान्याशिवाय आणून पोरांच्या हाती द्यायची नाही. तो गुन्हा आहे, आणि पोराच्या नावावर पहिली नोंद पोलीस ठाण्यात व्हावी असे कोणाला वाटेल?

वस्ताद हवा

मग अडते कुठे? पोरांत हुशारी नाही म्हणून अडत नाही. ज्या पोराने बापाच्या मोटारीचा स्टार्टर उघडून पुन्हा जोडला, त्याला हे अवघड नाही.

अडते ते एकटेपणात. अभ्यासाची पुस्तके बहुतेक इंग्रजीत. परीक्षेचे ठिकाण दूर. यंत्र महाग. आणि सगळ्यांत मोठी अडचण ही की, विचारायला गावात कोणी नाही. पोरगा तार घेऊन झाडावर चढला की लोक म्हणतात, याला काय लागले? दोन वेळा हसले की तिसऱ्यांदा तो चढत नाही.

अमेरिकेतल्या हौशींमध्ये एक शब्द रूढ आहे: एल्मर. 1971 साली त्यांच्या मासिकात एकाने एल्मर नावाच्या जुन्या हौशीविषयी लिहिले. नव्या पोरांना हाताला धरून शिकवणारा तो माणूस. तेव्हापासून असे शिकवणाऱ्या प्रत्येकालाच एल्मर म्हणायची रीत पडली. आपल्याकडे त्याला नवा शब्द शोधायला नको. तालमीत वस्ताद असतो. वस्ताद फी घेत नाही, पण पोर पहाटे उठले की नाही ते बघतो. गाव तालमीला माती देते, तेल देते, खुराकाला दूध देते. कुस्ती जिंकली की गुलाल मात्र साऱ्या गावावर उधळला जातो. रेडिओचे पोरही असेच घडते. वस्ताद एकाचा, खुराक गावाचा.

आमच्या शनिवारच्या वर्गात आम्ही काय करतो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला अंदाज येईल.

पहिले दोन महिने फक्त ऐकणे. जुना, शॉर्टवेव्हचा पट्टा असलेला ट्रान्झिस्टर अनेक घरांत माळ्यावर पडलेला असतो. हौशींचे बोलणे त्यावर बदकाच्या आवाजासारखे ऐकू येते, कारण ते वेगळ्या पद्धतीने पाठवलेले असते. बदकाचा माणूस कसा होतो, हे समजावताना अर्धे तंत्र शिकवून होते. जगातल्या काही विद्यापीठांनी आणि क्लबांनी आपले रेडिओ इंटरनेटवर उघडे ठेवले आहेत. मास्तरांच्या फोनवरून पोरे तेही ऐकतात.

मग मोर्स. बझर, दोन सेल आणि पत्र्याची कळ, एवढ्यावर सराव होतो, त्याला परवाना लागत नाही. आपल्याकडची तार सेवा 15 जुलै 2013 ला बंद झाली. आमच्या तारमास्तरांना वाटले होते की आपली भाषा आपल्याबरोबर जाणार. आता दर शनिवारी बारा पोरे त्यांच्यापुढे टेबलावर बोटे वाजवत बसतात. म्हाताऱ्याची चाल बदलली आहे, एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

मग लपंडाव. परवाना असलेला माणूस एक लहानसे प्रक्षेपक यंत्र शिवारात लपवतो. पोरे वस्तादाच्या देखरेखीखाली, सुताराच्या स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे कापून केलेले एरियल फिरवत फिरवत ते शोधतात. दिशा कशी कळते, लहर बांधावरून कशी परतते, हे तेव्हा पायाला कळते.

आणि मधूनमधून आकाश. इस्रोने 5 मे 2005 ला हौशींसाठी हॅमसॅट नावाचा लहान उपग्रह सोडला, तो 2014 पर्यंत चालला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही हौशी रेडिओ आहे. 2025 च्या जुलैत आपले शुभांशु शुक्ला तिथे होते, तेव्हा भारतातल्या विद्यार्थ्यांनी त्यांना याच रेडिओवरून प्रश्न विचारले. स्थानक डोक्यावरून जाते तेव्हा दहाएक मिनिटे मिळतात. तेवढ्यात बोलायचे. तेवढ्यासाठी महिनाभर तयारी करायची. पावसाची वाट पाहून एका दिवसात पेरणी उरकणाऱ्या घरातल्या पोराला ही शिस्त समजावून द्यावी लागत नाही.

गावाने काय द्यायचे

आता मागणे. सरकारकडे नाही, तुमच्याकडे.

पहिले, जागा. शाळेची एक खोली, नाहीतर कोणाचा रिकामा गोठा चालेल. कुलूप हवे, दिवा हवा.

दुसरे, खांब आणि तार. त्यातही जीव सांभाळून. एरियलचा खांब विजेच्या तारांपासून इतका दूर हवा की तो आडवा पडला तरी तारेला लागणार नाही. मृगाच्या आधीचे वळीव आणि विजा आपल्याला माहीत आहेत. दरवर्षी शिवारात माणसे आणि जनावरे जातात. आभाळ गडगडले की एरियल काढून बाहेर टाकायचे आणि यंत्रापासून दूर व्हायचे. खांबाला चांगले अर्थिंग द्यायचे. या दोन गोष्टींवर आम्ही कोणाचे ऐकत नाही.

तिसरे, यंत्र सामाईक. एका बापाने कर्ज काढून पोराला यंत्र घेऊन द्यावे, हे आम्हाला मुळीच मान्य नाही. कर्ज पेरणीला पुरत नाही. चार गावांनी मिळून एक यंत्र, परवाना असलेल्या माणसाच्या नावे. शहरातल्या जुन्या हौशींकडे वापरलेली यंत्रे असतात. चांगल्या हाती जातात म्हटले की ते देतात. आधी मोठ्यांपैकी एक-दोघांनी परीक्षा द्यावी. पोराला पाण्यात ढकलून आपण काठावर बसायचे नाही.

चौथे, भाषा. मास्तरांनी इंग्रजी पुस्तकातले धडे मराठीत उतरवून द्यावेत. 'रेझिस्टन्स' म्हणजे ठिबकच्या नळीत अडकलेला गाळ, 'व्होल्टेज' म्हणजे टाकीची उंची, 'करंट' म्हणजे वाहते पाणी, असे सांगितले की पोरांना ओहमचा नियम एका बैठकीत कळतो. त्यानंतर इंग्रजी शब्द पाठ करायला त्रास होत नाही.

पाचवे, मुली. वर्ग संध्याकाळी असतो, म्हणून मुलींना पाठवत नाहीत. मायबहिणींनो, तुम्हाला विचारतो. उषा मेहता मुलगीच होती. भारती प्रसाद बाईच आहेत. वर्गाची वेळ बदला, आळीपाळीने एक आई येऊन बसा, पण मुलींना मागे ठेवू नका. पुरुष कामाला बाहेरगावी गेलेला असतो तेव्हा गावात कोण असते? पूर आला तर निरोप कोण देणार आहे?

सहावे, परीक्षेचा प्रवास. मुंबई-नागपूरसारख्या ठिकाणी सरकारची बिनतारी देखरेख केंद्रे आहेत, अशा केंद्रांमार्फत परीक्षा होतात. पोरे नेऊन आणायची, एक रात्र कोणा पाहुण्याकडे ठेवायची. वरातीला जीप निघते, तशी परीक्षेलाही निघू द्या.

शेवटचे

कोरडवाहू गावातल्या पोराला आपण आजवर दोन वाटा दाखवल्या. एक, बापाची शेती, जिचे गणित जुळत नाही. दुसरी, भरतीची रांग, जिचे टोक दिसत नाही. दोन्हीकडे तो कोणाच्या तरी तोंडाकडे पाहत उभा असतो. आभाळाच्या, व्यापाऱ्याच्या, साहेबाच्या. रेडिओ ही तिसरी वाट नाही, पोट भरण्याची तर नाहीच. पण ज्या पोराने स्वतःच्या हाताने तार ताणली, स्वतः परीक्षा देऊन आपले नाव मिळवले, परक्या माणसाशी बरोबरीने बोलला, त्याची मान थोडी वेगळी असते. तो दुकानदाराला विचारतो, ही मोटार इतका करंट का ओढते? तो वायरमनला विचारतो, अर्थिंग का नाही? विचारणारी पोरे गावात वाढली तर आपले काही बिघडणार नाही.

आज निर्णय मोठा करू नका. प्रत्येक तालुक्याने तीन पोरे-पोरी आणि एक मोठा माणूस, अशी चार नावे बैठक संपायच्या आत कागदावर लिहून द्यावीत. दिवाळीनंतर, वेचणी आटोपली की, आम्ही त्या त्या तालुक्यात येऊन दोन दिवस बसू. येण्याजाण्याचे आमचे आम्ही पाहू, जेवण तुमचे. माळ्यावरचे जुने ट्रान्झिस्टर तेवढे झाडून पुसून ठेवा. सेल आम्ही आणतो.